प्रश्न तटस्थ, तरी उत्तरं एकाच वळणाची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. समाजशास्त्राच्या एम.ए.च्या प्रबंधासाठी तुम्ही बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेताय. विषय आहे तब्येत, दवाखाना आणि गर्भाशयाची पिशवी काढण्याचा निर्णय. 22 मुलाखती झाल्या, 8 बाकी आहेत. गाईडनी ट्रान्सक्रिप्ट वाचून शेरा मारला, ‘यात बायकांपेक्षा तुझंच म्हणणं जास्त ऐकू येतं.’ तुमचं म्हणणं असं की प्रश्न दोन प्राध्यापकांनी तपासून दिलेत, त्यातला एकही सूचक नाही. मग बिघडलं कुठे, आणि झालेल्या मुलाखती टाकून द्यायच्या का?

टाकून देऊ नका. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते. सर्वेक्षणांसाठी मुलाखतकार तयार करण्याचं काम मी बरीच वर्षं करते, आणि तुमची अडचण जवळजवळ प्रत्येक तुकडीत कुणाची तरी असते. ती कागदावरच्या प्रश्नांत बहुतेक वेळा नसते. म्हणून प्रश्न कितीही वेळा तपासले तरी ती सापडत नाही.

तुम्ही दिलेला उतारा इथे पुन्हा लिहिते, कारण सगळं त्यातच आहे. (मुकादम म्हणजे टोळी जमवून तोडीला नेणारा, उचल म्हणजे त्याच्याकडून घेतलेली आगाऊ रक्कम, खाडा म्हणजे कामावरची गैरहजेरी.)

‘पिशवी काढायचं कसं ठरलं?’
‘लई अंगावरून जायचं. डाक्टर म्हणला, काढून टाका.’
‘हं. आणि कामावर काही परिणाम व्हायचा का? खाडा वगैरे?’
‘खाडा व्हायचाच की.’
‘मग मुकादम काही बोलायचा?’
‘बोलायचा की. उचल घेतलेली असती.’
‘बरोबर. म्हणजे तोही एक दबाव होताच.’
‘हा, होताच म्हणायचा.’

यानंतर तुम्ही पुढच्या प्रश्नावर गेलात.

शेवटचं वाक्य सोडलं तर यातला प्रत्येक प्रश्न सुटा सुटा वाचला की साधाच वाटतो. आता बाईचं पहिलं उत्तर पाहा. तिने दोन गोष्टी सांगितल्या: अंगावरून जायचं आणि डॉक्टरने काढायला सांगितलं. अंगावरून पांढरं जायचं की लाल, किती दिवस, तुम्ही विचारलं नाहीत. डॉक्टर कुठला, सोनोग्राफी केली का, गोळ्या आधी दिल्या का, ‘नाही काढली तर काय होईल’ असं काही तो बोलला का, पैसे किती आणि कुणाकडून घेतले, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का, यातलंही काही नाही. तिच्या उत्तराला ‘हं’ म्हणून तुम्ही खाड्याकडे वळलात, खाड्यावरून मुकादमाकडे, आणि मुकादम आला तिथे थांबलात. हीच बाई सुरुवातीलाच म्हणाली असती की ‘मुकादमाच्या जाचाला कंटाळून काढली’, तर ‘आणि डॉक्टर काय म्हणाला?’ असं तुम्ही विचारलं असतं का? तुमच्या इतर उताऱ्यांवरून मला तसं वाटत नाही. मुकादमाचं नाव पहिल्या फटक्यात आलं, तिथे तुम्ही लगेच पुढे गेला आहात.

माझ्या मते मुलाखतकाराचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी दिसणारा प्रभाव हाच. अपेक्षित उत्तर आलं की आपण ते घेतो आणि पुढे जातो. अनपेक्षित आलं की उकरत बसतो. उकरताना समोरच्या माणसाला कळतं की आपलं उत्तर पुरेसं झालेलं नाही, अजून काहीतरी हवंय. मग तो ते देतो. खोटं बोलतो असं नाही. खाडा झालेला असतोच, मुकादम बोललेला असतोच. पण तिच्या निर्णयात त्याचा वाटा किती होता, ते तिने ठरवलं की तुम्ही, हे त्या ट्रान्सक्रिप्टवरून सांगता येत नाही. गाईडना खटकलं ते हे असणार.

याचं जुनं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. 1914 मध्ये तिथे सुमारे दोन हजार निराधार पुरुषांच्या मुलाखती बारा जणांनी घेतल्या. माणसं कुणाच्याही वाट्याला कुणीही आली होती, निवड नव्हती. नंतर स्टुअर्ट राइस यांनी ते कागद पाहिले तेव्हा एका मुलाखतकाराकडच्या बहुतेकांच्या दुर्दशेचं कारण दारू निघालं, आणि दुसऱ्याच्या कागदांत बेकारी, कारखान्यांची स्थिती. पहिला दारूबंदीचा पुरस्कर्ता होता, दुसरा समाजवादी. राइस यांनी हे 1929 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातली मला अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची आहे. मुलाखतकाराने स्वतःचं मत म्हणून नोंदवलेलं कारण तर झुकलेलं होतंच, पण त्या माणसांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेली कारणंही त्याच बाजूला झुकली होती. म्हणजे रंग लिहिताना चढला नव्हता, बोलणं चालू असतानाच चढला होता. दोघांपैकी कुणी मुद्दाम काही केलं असं राइस यांचंही म्हणणं नव्हतं.

‘पण मी तर काहीच बोलले नाही’ असं प्रशिक्षणात प्रत्येक जण म्हणतो. बोलावं लागत नाही. बर्लिनच्या ‘हुशार हान्स’ घोड्याची गोष्ट तुम्ही वाचली असेल. गणिताचं उत्तर तो खूर आपटून द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी 1907 मध्ये दाखवलं की बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित वर उचललं जायचं, आणि घोडा ते पाहून थांबायचा. ही गोष्ट सगळे सांगतात, पण तिचा दुसरा अर्धा भाग सहसा गळतो. फुंग्स्ट यांनी नंतर प्रयोगशाळेत घोड्याची जागा स्वतः घेतली आणि माणसांना मनात आकडा धरायला सांगितलं. जवळजवळ सगळ्यांकडून तीच हालचाल नकळत झाली. म्हणजे हे फक्त हान्सच्या मालकाचं वैशिष्ट्य नव्हतं. 1955 मध्ये जोएल ग्रीनस्पून यांनी याहून साधा प्रयोग केला. लोकांना सुचतील ते शब्द म्हणायला सांगितले, आणि कुणी अनेकवचनी शब्द म्हटला की फक्त ‘म्म्-हं’ म्हणायचं. अनेकवचनी शब्दांचं प्रमाण वाढलं.

आता आपल्याकडे बघा. आपला हुंकार ‘म्म्-हं’वर थांबत नाही. ‘अगं बाई!’, ‘बापरे’, ‘अरेरे’, ‘हो ना’, ‘बरोबर आहे’, ‘च् च्’ हे सगळं आपण श्वास घ्यावा तसं वापरतो. तुमच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये हे शब्द आहेत, आणि ते तुम्ही गाळले नाहीत याबद्दल तुमचं कौतुक, कारण बहुतेक जण ‘साफ’ ट्रान्सक्रिप्ट करताना नेमकं हेच उडवून टाकतात. ते कुठे कुठे आलेत ते पाहा. मुकादम, ठेकेदार, खाडा आला की ‘बापरे’. सोनोग्राफी, पाळी, सासूचा सल्ला आला की कोरडं ‘हं’. पेनाचंही तसंच. रेकॉर्डर चालू असूनही आपण काही वाक्यांवर घाईघाईने वहीत लिहितो, आणि समोरची बाई लिहायला-वाचायला येत नसलं तरी पेन कधी पळतं ते बरोबर ओळखते. मी शिकवताना सांगते, लिहायचंच असेल तर सारखं लिहा, सोसाट्याने नको आणि थांबून थांबूनही नको. नाहीतर वही मिटून ठेवा.

मुलाखत सुरू होण्याआधीच काय घडलेलं असतं, तेही पाहायला हवं. तुमच्या संमतीपत्रात ‘ऊसतोड महिलांच्या शोषणाचा अभ्यास’ असं लिहिलंय. हे वाचून दाखवल्यावर बाईला कळलं की कशाबद्दल बोलायचंय. संमती प्रामाणिकच हवी, पण तुमचा निष्कर्ष आधीच सांगणं म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. ‘तोडीच्या हंगामात आणि नंतर बायकांची तब्येत कशी राहते, दवाखाना कसा करतात, पैसे कुठून येतात’ एवढं सांगितलं तर काही लपवल्यासारखं होत नाही आणि काही सुचवल्यासारखंही होत नाही.

शिवाय या विषयाची हवाच तापलेली आहे. 2019 मध्ये बीडच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात गाजला, सरकारने समिती नेमली, त्यानंतर पत्रकार, संस्था, विद्यार्थी, कॅमेरेवाले सगळे त्या गावांत येऊन गेले. तुमच्यासमोरच्या काही बायकांनी ही हकीकत अनेकदा सांगितलेली आहे आणि ऐकणाऱ्यांना काय ऐकायचं असतं ते त्यांना पाठ झालंय. काहींना वाटतं, सांगितलं तर एखादी योजना मिळेल. काहींना वाटतं, नाव गेलं तर पुढच्या हंगामात टोळीत घेणार नाहीत. दोन्ही बाजूंनी उत्तर वाकतं. एमिली जोन्स यांनी 1963 मध्ये आग्नेय आशियातल्या सर्वेक्षणांविषयी लिहिताना याला ‘सौजन्याचा कल’ म्हटलं होतं: घरी आलेल्या पाहुण्याला नाराज करायचं नाही. आपल्याकडे चहा टाकल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही, तर नाराज करणं दूरच.

मुलाखत कुठे होते यावरही बरंच अवलंबून असतं. फडावर वेळ नसतो, कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) आडोसा नसतो, आणि हंगाम संपल्यावर गावी गेलात तर मुकादम त्याच गल्लीत राहतो, कधी नात्यातलाच असतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे कामासाठी जोडी एकच धरतात, त्यामुळे नवऱ्याला ‘जरा बाहेर बसा’ म्हणणंही अवघड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरगुती हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारतात आणि एकांत मिळाला तरच विचारतात, नाहीतर तो भाग सोडून देतात. तुम्हाला इतकं कडक होता येणार नाही. पण कोण कधी येऊन बसलं आणि कधी उठून गेलं, हे ट्रान्सक्रिप्टच्या कडेला वेळेसकट लिहिता येईल. सासू येऊन बसल्यावर ‘डाक्टर म्हणला’चं ‘आमच्या आत्याबाई म्हणल्या’ झालं का, हे तेव्हाच दिसतं.

बाहेरची व्यक्ती चांगली की गावातली? हे मला नेहमी विचारतात आणि याला एकच उत्तर नाही. परक्या, शहरी बाईला लाजेच्या गोष्टी सांगणं काहींना सोपं जातं, कारण ती उद्या निघून जाणार. पैशाच्या, कर्जाच्या बाबतीत मात्र परक्यासमोर आकडे वरखाली होतात. आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेला, सोबत नेलंत तर दार लगेच उघडतं, पण ‘दवाखान्यात का गेला नाहीत’ याचं खरं उत्तर त्यांच्यासमोर येणार नाही. जात, पेहराव, बोलीभाषा, लग्न झालंय की नाही, सगळ्याचा परिणाम होतो आणि त्यातलं काही बदलता येत नाही. बदलता येत नाही ते निदान नोंदवावं.

मग दगडासारखं बसायचं का? नाही. ॲन ओकली यांनी 1981 मध्येच आक्षेप घेतला होता की बायकांच्या मुलाखती घेताना तटस्थतेचा मुखवटा चढवणं ढोंग आहे आणि अन्यायही आहे. मला तो आक्षेप मान्य आहे, फक्त एका अटीवर. आपुलकी बाईविषयी दाखवा, उत्तराविषयी नको. ती रडली तर थांबा, पाणी द्या, रेकॉर्डर बंद करू का विचारा. पण ‘मुकादमाने असंच करायचं असतं ना तुमच्याबाबतीत’ हे सांत्वन नव्हे, ते तुमचं वाक्य आहे. तुमच्या एका मुलाखतीत बाईने उलट विचारलंय, ‘ताई, पिशवी काढली ते चुकलं का माझं?’ तुम्ही म्हणालात, ‘तुमची काय चूक, तुम्हाला करायला लावलं.’ हेतू चांगला होता. पण त्यानंतरची सगळी मुलाखत त्या उत्तराखाली गेली. अशा वेळी मी म्हणते, ‘यावर आपण शेवटी नक्की बोलू, मला आधी तुमचं सगळं ऐकू द्या,’ आणि शेवटी खरोखर बोलते, कुठल्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं तेही सांगते. ते टाळलं तर तो संशोधनाचा नाही, माणुसकीचा दोष.

आता विचारायचं कसं? तुमच्या विषयाला मी ‘का’ने सुरुवात करणार नाही. ‘का’ विचारलं की माणूस कारण शोधून देतो, आणि हाताशी जे असतं ते देतो. ‘पहिल्यांदा त्रास सुरू झाला तेव्हापासून सांगा, तेव्हा तुम्ही कुठल्या कारखान्यावर होता?’ इथून सुरू करा. लग्न, पोरं, हंगाम आणि कारखान्याची नावं यांच्या आधाराने बायकांना साल नसलं तरी क्रम नीट आठवतो. मग फक्त ‘पुढं काय झालं?’, ‘मग?’, ‘ते जरा नीट सांगा’. हे उकरणारे प्रश्न सगळ्यांना आणि सगळ्या उत्तरांवर सारखेच वापरा. उत्तर आवडलं तरी एकदा विचारा, नावडलं तरी एकदाच. बाईने डॉक्टरचं नाव घेतलं तर ‘ते नीट सांगा’, मुकादमाचं घेतलं तरीही ‘ते नीट सांगा’. एवढी एक शिस्त पाळलीत तर निम्मं काम झालं.

आणि गप्प बसायला शिका. मेरी बड रो यांनी शाळांच्या वर्गांत मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. ते तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात. मुलाखतीत तीन सेकंद फार लांब वाटतात. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये बाईचं वाक्य संपतं न संपतं तोच पुढचा प्रश्न येतो. ‘डाक्टर म्हणला, काढून टाका’ यानंतर तुम्ही थांबला असतात तर ती स्वतःहून कुठे गेली असती, हे आता कळायला मार्ग नाही.

मुकादमाबद्दल थेट विचारायचंच नाही असं मी म्हणत नाही. विचारा, पण शेवटी, आणि समतोल ठेवून: ‘काही बायका सांगतात की खाड्यामुळे काढली, काही सांगतात की त्रासामुळे किंवा डॉक्टरांच्या सांगण्यावरून. तुमचं कसं झालं?’ शेवटी ‘ना’ जोडू नका. ‘पाळीत सुट्टी मिळत नाही ना?’ या प्रश्नाला ‘मिळते’ म्हणायला धाडस लागतं. विश्लेषणात मग दोन रकाने ठेवा: बाईने स्वतःहून काढलेला विषय, आणि विचारल्यावर आलेला. मुकादमाचा दबाव 22 पैकी किती जणींनी स्वतःहून काढला, हा आकडा तुमच्या प्रबंधातला सगळ्यात मोलाचा आकडा ठरू शकतो. तो शून्य असेल तरी मोलाचा, आणि अठरा असेल तर तुमच्या म्हणण्याला कुणी हात लावू शकणार नाही.

तुम्ही जाता जाता विचारलंय की संस्थेतल्या मोठ्या सर्वेक्षणात तरी हे टळतं का. नाही, तिथे ते फक्त आकड्यांत लपतं. लेस्ली किश यांनी 1962 मध्ये याचं गणित मांडलं. समजा पाच मुलाखतकारांनी प्रत्येकी 100, अशा 500 मुलाखती घेतल्या आणि एकाच मुलाखतकाराकडच्या उत्तरांमधलं साम्य (0 म्हणजे अजिबात नाही, 1 म्हणजे पूर्ण) अवघं 0.01 आहे. तरी विचरण, म्हणजे निकालातल्या अनिश्चिततेचं माप, 1 + 99 × 0.01, म्हणजे जवळपास दुप्पट होतं. 500 मुलाखतींची किंमत 250 इतकीच उरते. म्हणून कमी माणसांकडून भरपूर मुलाखती करून घेणं स्वस्त दिसतं पण महागात पडतं. यावरचा उपाय तर भारतातच निघाला. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमधल्या ताग पिकाच्या सर्वेक्षणांत एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने काढून ते दोन वेगळ्या पथकांना द्यायची पद्धत बसवली. दोन्हींच्या आकड्यांत नमुन्यामुळे पडतो त्याहून बराच जास्त फरक आला तर तो शेतातला नाही, मोजणाऱ्यांतला. आणि मोठ्या सर्वेक्षणांत एक रोकडा प्रकारही असतो: पाच वर्षांखालच्या मुलांसाठी प्रश्नांचा लांबलचक भाग असतो, तेव्हा दमलेल्या मुलाखतकारांच्या हातून पाच वर्षांच्या आतली काही मुलं कागदावर सहा वर्षांची होतात. विचारधारा नाही, मत नाही, फक्त संध्याकाळचे सहा वाजलेले असतात.

तुमच्या 22 मुलाखतींचं आता असं करा. ट्रान्सक्रिप्टमधल्या बाईच्या ओळी झाका आणि फक्त स्वतःच्या ओळी वाचा. त्या ओळींवरूनच निष्कर्ष कळत असेल तर ती मुलाखत एका गठ्ठ्यात, नसेल तर दुसऱ्यात. मग प्रत्येकीत बाईचं पहिलं उत्तर, तुम्ही मध्ये काही सुचवण्याआधीचं, अधोरेखित करा. ते बहुतेक ठिकाणी शाबूत आहे, कारण तुमचा पहिला प्रश्न खरोखर चांगला आहे. तुमच्या प्रबंधाचा कणा त्या पहिल्या उत्तरांवर उभा राहू शकतो. नंतरचा भाग ‘विचारल्यावर’च्या रकान्यात जाईल. पद्धतीच्या प्रकरणात हे सगळं दोन पानांत सरळ लिहा. परीक्षकांना त्यात कमीपणा दिसत नाही, लपवलेलं दिसलं तर मात्र दिसतो.

उरलेल्या 8 मुलाखतींपैकी तीन-चार शक्यतो दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, ज्याला तुमचा मुद्दा माहीत नाही अशा वर्गमैत्रिणीकडून. तिला क्रमवार हकीकतीचा प्रश्न आणि तीनच उकरणारे प्रश्न द्या, बाकी काही सांगू नका. तिच्याकडच्या आणि तुमच्याकडच्या पहिल्या उत्तरांत फार तफावत आली नाही तर गाईडना दाखवायला तुमच्याकडे ठोस काहीतरी असेल. आणि त्यांच्याकडे जाल तेव्हा छापील ट्रान्सक्रिप्ट न्या, त्यांना नेमक्या कुठल्या ओळी खटकल्या त्यावर पेन्सिलीने खुणा करून मागा.